झोप न येणाऱ्याला ‘उशिरा झोपा’ सांगायला शिकताना

निद्रानाशावरचे उपचार शिकवणाऱ्या फेलोशिपच्या पहिल्या सोमवारी मला रुग्ण मिळेल अशी माझी समजूत होती. मिळाला तो एक छापील तक्ता आणि मनगटावर बांधायचं घड्याळासारखं यंत्र. तक्ता म्हणजे झोपेची डायरी. रोज सकाळी उठल्या उठल्या भरायची: अंथरुणावर कधी गेलात, झोपायचा प्रयत्न किती वाजता सुरू केलात, झोप लागायला किती वेळ लागला, रात्री किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी, आणि प्रत्यक्ष उठलात कधी. निद्रानाशाच्या संशोधकांनी एकत्र बसून ठरवलेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा नमुना आता जवळजवळ सगळीकडे वापरतात. “आधी दोन आठवडे तू भर,” माझ्या सुपरव्हायझर म्हणाल्या, “मग लोकांकडे मागू.”

चौथ्या दिवशी मी डायरी भरायला विसरले. आठव्या दिवशी मागच्या तीन दिवसांच्या नोंदी एका दमात, आठवेल तशा ठोकून दिल्या. मनगटावरच्या ॲक्टिग्राफने चोरी पकडली. तक्त्यात मी अकराला झोपले होते आणि यंत्राच्या आलेखात माझा हात साडेबारापर्यंत हलत होता. बाई काही बोलल्या नाहीत, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून नुसत्या हसल्या. अर्धवट डायरी घेऊन येणाऱ्या रुग्णावर चिडायचा हक्क मी त्या दिवशी गमावला, आणि ते बरंच झालं.

या वाटेला मी आले ती थोडी आडवाटेनेच. क्लिनिकल सायकॉलॉजीतली पीएच.डी. मी अमेरिकेत केली. एवढ्या वर्षांच्या अभ्यासक्रमात झोपेच्या वाट्याला दोन व्याख्यानं आली, त्यातलं एक स्वप्नांवर. पुढे इंटर्नशिपला जुनाट दुखण्यांच्या क्लिनिकमध्ये होते. तिथे येणारा माणूस पाठीबद्दल एक वाक्य बोलायचा आणि रात्रीबद्दल दहा. मी काय सांगायचे? दुपारनंतर कॉफी नको, फोन लांब ठेवा, खोलीत अंधार ठेवा. ही यादी प्रत्येकाला आधीच पाठ असायची. दात घासल्याने दात किडायचे वाचतात, पण किडलेला दात काही घासून बरा होत नाही. त्यातली ही गत. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी बेतलेली वर्तनोपचार पद्धत सुचवली. गोळीचा विचार त्यानंतर. डॉक्टर मंडळी हे वाचून रुग्णाला आमच्याकडे पाठवत होती आणि आमच्याकडे मी होते, हातात ती यादी घेऊन.

शिकायचं ठरवलं. मग ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे नेमकी कुणाची मान्यता, हे समजून घेण्यातच महिना गेला. डॉक्टरांचा रस्ता सरळ आहे. त्यांच्यासाठी स्लीप मेडिसिनची एक वर्षाची फेलोशिप आहे, तिला वैद्यकीय शिक्षणाच्या नेहमीच्या संस्थेची मान्यता असते आणि शेवटी बोर्डाची परीक्षा. मानसशास्त्रज्ञांचं घर वेगळं. झोपेचं मानसशास्त्र ही स्वतंत्र विशेष शाखा आहे, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मान्य केलं ते २०१३ साली. सोसायटी ऑफ बिहेवियरल स्लीप मेडिसिन ही संस्थाही तशी तरुण, २०१० ची. प्रशिक्षण कार्यक्रम तपासून त्यांना मान्यता देण्याचं काम ती करते. व्यक्तीची परीक्षा घेऊन डीबीएसएम (डिप्लोमेट इन बिहेवियरल स्लीप मेडिसिन) ही पदवी देणारं बोर्ड आणखी वेगळं. म्हणजे एक मान्यता कार्यक्रमाला, दुसरी माणसाला आणि या सगळ्याच्या आधी तिसरी, राज्याचा परवाना. तो नसेल तर बाकीचे दोन कागद फ्रेममध्ये लावून ठेवण्याच्या कामाचे.

शिवाय बाजारात शनिवार-रविवारच्या कार्यशाळा भरपूर आहेत. सोनेरी कडेचं प्रमाणपत्र मिळतं. अशा दोन मी आधी केल्या होत्या आणि त्या वाईट नव्हत्या. तंत्रं समजली. पण समोरचा माणूस ‘मला हे जमणार नाही’ म्हणून उठून जायला लागला की काय करायचं, ते दोन दिवसांत कुणी शिकवू शकत नाही. त्या प्रमाणपत्राचा अर्थ इतकाच की तुम्ही खुर्चीत बसला होतात.

मानसशास्त्रज्ञांसाठीच्या फेलोशिपला अर्ज करताना यादी भराभर आखडत गेली. मान्यताप्राप्त जागा मुळात मोजक्या, आणि एकेका ठिकाणी वर्षाला घेणार एक किंवा दोन जण. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत झोपेचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं, पण तिथल्या प्रशिक्षणाच्या जागांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. त्या सगळ्या जागांवर मी पहिल्याच संध्याकाळी काट मारली. उरल्या त्या विद्यापीठांशी जोडलेल्या रुग्णालयांच्या. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला पदवीनंतर कामाची मुभा मिळते बारा महिन्यांची आणि फेलोशिपही बारा महिन्यांची. हिशेब इतका घट्ट बसत होता की कागद पंधरा दिवस जरी उशिरा आले असते तरी वर्ष हातचं गेलं असतं. कागद आले.

सुरुवातीचा बराच काळ स्लीप लॅबमध्ये रात्री काढायच्या होत्या. मला हे अनावश्यक वाटलं होतं, कारण आम्ही काही तारा जोडणार नव्हतो. तारा जोडते ती टेक्निशियन. टेपने डोकं मोजून, खुणा करून, टाळूवर, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीवर, पायांवर एकेक इलेक्ट्रोड चिकटवते. नाकाखाली श्वासाची नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. एवढं सगळं लावून माणसाला म्हणायचं, झोपा आता निवांत. पलीकडच्या खोलीत पडद्यावर रात्र तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत सरकत जाते आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं असतं: जागेपण, मग हलक्या झोपेपासून गाढ झोपेपर्यंत एन-वन, एन-टू, एन-थ्री, आणि स्वप्नांची झोप म्हणजे रेम. मला स्पिंडल, म्हणजे एन-टू झोपेत मेंदूच्या आलेखात उमटणारा लहरींचा छोटा झुबका, ओळखायला पंधरा दिवस लागले. टेक्निशियन बाईंना ते हातातलं काम करता करता तिरक्या नजरेनेही दिसायचं.

त्यातली एक रात्र मनात रुतली आहे. सकाळी तारा काढताना आतले गृहस्थ म्हणाले, “रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.” आम्ही रात्रभर त्यांची झोप बघत बसलो होतो. सहा तासांच्या आसपास झोप झाली होती. माझ्या तोंडून ‘अहो, पण तुम्ही तर’ निघणारच होतं, तेवढ्यात टेक्निशियन बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. शब्दशः. नंतर त्यांनी समजावलं: त्या गृहस्थांना रात्र जागून काढल्यासारखी वाटली, हे खोटं नाही. तू आलेख दाखवशील, ते तुझ्यावरचा विश्वास गमावतील आणि झोप आहे तिथेच राहील. निद्रानाशात मेंदू झोपेतसुद्धा आसपासचा कानोसा घेत राहतो असं मानतात. म्हणून झोपेचा आणि जागेपणाचा सांधा त्या माणसाला धड कळत नाही. जुनाट निद्रानाशाचं निदान मुळात रुग्णाच्या सांगण्यावर होतं, आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने. लॅबची रात्र लागते ती दुसरं काही लपलं आहे का ते शोधायला. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाय दुखल्यावर कळलं.

दर गुरुवारचा सेमिनार मात्र नेहमीच्या सेमिनारसारखाच, कधी रंगायचा, कधी डुलकी यायची, आणि झोपेच्या सेमिनारमध्ये डुलकी घेणाऱ्याला एपवर्थचा, म्हणजे दिवसा किती पेंग येते ते मोजणारा फॉर्म भरायला देण्याचा विनोद दरवर्षी होतो असं ऐकलं. निद्रानाश कसा जडतो आणि टिकतो याचं संशोधक स्पीलमन यांचं १९८७ चं मॉडेल तिथे इतक्या वेळा फळ्यावर आलं की आता हात आपोआप काढतो: माणसात मुळातली प्रवृत्ती, मग एखादा धक्का, आणि मग धक्का ओसरल्यावरही दुखणं टिकवून धरणाऱ्या सवयी. या सवयी म्हणजे माणसाने झोप मिळवण्यासाठी केलेले उपायच. झोप झाली नाही म्हणून लवकर पाठ टेकणं, सकाळी लोळत राहणं, सुट्टीच्या दिवशी भरपाई करणं. झोपेचे संशोधक बोर्बेली यांच्या १९८२ च्या मांडणीत याचं उत्तर सापडतं. जागेपणी झोपेची भूक तासातासाने साठत जाते आणि शरीराचं घड्याळ तिला वेळ ठरवून देतं. सोफ्यावरची नऊची डुलकी म्हणजे जेवणाआधी फरसाण.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पन्नाशीतले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, शाळेत काम करतो. डायरी नेटकी भरलेली. रात्री साडेआठला अंथरुणावर, पहाटे साडेचारला उठणं. अंथरुणात आठ तास आणि त्यात झोप सरासरी पाच तास दहा मिनिटं. झोपेची कार्यक्षमता, म्हणजे झोपेचा वेळ भागिले अंथरुणातला वेळ, पासष्ट टक्के. आम्ही पंच्याऐंशीच्या पुढे न्यायला बघतो. माझ्या दृष्टीने पुस्तकात छापावी अशी केस. निद्रा-मर्यादनाचं गणित सोपं आहे: जेवढी झोप होते तेवढाच वेळ अंथरुण द्यायचं, पाच तासांच्या खाली जायचं नाही. झोप सलग झाली की दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. मी साडेपाच तास दिले. रात्री अकराच्या आत झोपायचं नाही, साडेचारला उठायचं, रविवार असो की सण. त्यांचा चेहरा पडला. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाला मी आणखी जागं राहायला सांगत होते. पण मी शिकल्याप्रमाणे न डगमगता समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि मी स्वतःवर भलतीच खूश होऊन घरी गेले.

आमच्या कार्यक्रमात प्रत्येक सत्राचं ध्वनिमुद्रण व्हायचं, अर्थात रुग्णाच्या परवानगीने, आणि सुपरव्हायझर ते खरोखर ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोलावलं. मुद्रण अकराव्या मिनिटाला थांबवलं होतं.

“शाळेत काम करणारा माणूस पहाटे साडेचारला का उठतो?”

मी म्हटलं, शाळा लांब असेल.

“तू विचारलंस?”

नव्हतं विचारलं. मी मनात त्यांना शिक्षक करून टाकलं होतं. बाईंनी माझ्यासमोर फोन लावला आणि दोन मिनिटांत उलगडलं. ते शाळेची बस चालवत होते. मी ज्या माणसाला दोन आठवडे पेंगुळवायला निघाले होते तो रोज सकाळी मुलांनी भरलेली बस हाकत होता. ‘बस’ हा शब्द त्यांनी मुद्दामच टाळला होता. झोपेच्या क्लिनिकच्या कागदावर आपला व्यवसाय गेला तर नोकरीवर गदा येईल ही भीती.

त्या रात्री त्यांना अकरापर्यंत जागायचं नाही असं सांगून झालं. मग बाईंनी दुसरा कागद पुढे केला, एपवर्थच्या प्रश्नावलीचा. चोवीसपैकी बारा. “निद्रानाशवाला दमलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी त्याला झोप लागत नाही. हा माणूस वाचता वाचता झोपतोय. दहाच्या वर आकडा दिसला की आधी कुठे बघायचं?” श्वासाकडे. मान जाड, रक्तदाबाची गोळी चालू, बायको घोरण्यामुळे दुसऱ्या खोलीत. सगळं फॉर्मवर लिहिलेलं होतं, माझ्या हाताखालून गेलं होतं. घरी करायची श्वासाची तपासणी झाली आणि तासाला बावीस वेळा श्वास अडतो असं निघालं. पंधराच्या वर म्हणजे मध्यम प्रतीचा स्लीप ॲप्निया. निद्रानाश खोटा नव्हता, तोही होता. दोन्ही एकाच अंथरुणात नांदत होते.

निद्रा-मर्यादन कुणाला द्यायचं नाही याची यादी मला तोंडपाठ होती: बायपोलर, अपस्मार, झोपेत चालणारे, उपचार न झालेला ॲप्निया, ज्यांच्या पेंगण्याने जीव जाऊ शकतो असे व्यवसाय. लेखी परीक्षेत मी ती न चुकता लिहिली असती. खुर्चीत समोर माणूस बसल्यावर मात्र त्याच्या डायरीतलं देखणं गणित तेवढं दिसलं. त्या आठवड्यात मला स्वतःलाच नीट झोप लागली नाही, याची नोंद ठेवायला तेव्हा डायरी नव्हती.

पुढे त्यांच्यावर आम्ही दुसरी पद्धत वापरली. अंथरुणातला वेळ एकदम न तोडता हळूहळू आवळत न्यायचा, आधी अर्धा तास, मग आणखी थोडा. मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅपचं यंत्र आलं, पण मास्क लावला की जीव घुसमटायचा. तेही काम आमचंच निघालं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मास्क आधी दिवसा नुसता हातात धरायचा. मग टीव्ही बघताना तोंडावर, यंत्र बंद. मग यंत्र चालू. मग दुपारी आडवं होऊन. भीती कमी करण्याची ही जुनीच पायरी-पायरीची रीत. फक्त जिना कोळ्यांचा किंवा उंचीचा नसून प्लास्टिकच्या मास्कचा. सहाव्या आठवड्यात ते रात्रभर मास्क लावून झोपले आणि सत्राला येताना बायकोला घेऊन आले. तिची तक्रार वेगळीच: आता इतकं शांत असतं की मीच उठून बघते, श्वास चालू आहे ना.

बाकीचं वर्ष भरगच्च होतं, पण ते सांगण्यात तेवढी मजा नाही. दुःस्वप्नांसाठी स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून रोज त्याची उजळणी करायला लावतात. ते मला आधी पोरखेळ वाटलं, मग एका बाईंच्या बाबतीत चाललेलं पाहिलं आणि गप्प बसले. पहाटे तीनला झोपणाऱ्या पोरांना आईबाप आळशी म्हणत घेऊन यायचे. त्यांचं शरीरघड्याळच मागे असतं, त्यासाठी सकाळचा उजेड आणि मेलाटोनिनची वेळ अचूक साधावी लागते, आणि वेळ चुकली तर घड्याळ उलट दिशेने सरकतं. बुधवारी डॉक्टरांसोबत एकत्र बैठक. झोपेची गोळी उतरवायची असेल तर मात्रा ठरवणार ते, आणि उतरवताना रात्री दोनला वाटणाऱ्या भीतीचं काय करायचं ते आम्ही. या बैठकीत पहिले तीन महिने मी तोंड उघडलं नाही.

उपचारातला अवघड भाग दुसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात माणूस उत्साहात असतो. दुसऱ्यात फोन येतो: तुमच्यामुळे माझी होती तीही झोप गेली. इथे शिकाऊ माणूस विरघळतो आणि ‘बरं, दहाला झोपा’ म्हणतो. मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा बाईंनी मुद्रण तिथेच थांबवलं आणि मग त्या रुग्ण झाल्या आणि मी मी. त्या इतकं अस्सल भांडायच्या की एकदा बाहेरच्या सेक्रेटरीने दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. तिथे मला एक वाक्य सापडलं जे अजून वापरते: “तुम्ही आत्ता जे दमलेपण सांगताय, तेच उद्या रात्री आपल्या कामाला येणार आहे.” पण हे म्हणण्याआधी आता मी विचारते, गाडी कोण चालवतं, यंत्रावर कोण उभं राहतं, घरी तान्हं मूल कुणाच्या हातात असतं.

वर्ष संपलं. तासांची वही सहीनिशी भरली, त्यातले देखरेखीखालचे तास राज्याच्या परवान्यासाठीही उपयोगी पडले, परवान्याची परीक्षा झाली, मग डीबीएसएमची. मान्यताप्राप्त कार्यक्रमातून आल्याचा फायदा इथे कळला. इतर वाटेने शिकलेल्या माझ्या एका मैत्रिणीला जुन्या सुपरव्हायझरांना शोधून शोधून पत्रं मिळवावी लागली, त्यातल्या एक निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या.

मराठी मुलं-मुली अधूनमधून विचारतात की कुठे अर्ज करू. आधी मान्यता बघा, व्हिसाची अट बघा, हे सांगतेच. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात तेव्हा विद्यावेतन आणि सुट्ट्या नंतर पत्राने विचारता येतात. तिथे विचारायचं, माझी सत्रं कोण ऐकणार आणि किती वेळा. मी तीन ठिकाणी विचारलं होतं. एका ठिकाणी म्हणाले, तुम्ही आणाल त्या केसवर चर्चा करू. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वर्षातून दोनदा, मूल्यमापनाच्या वेळी. तिसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, “मीच, दर आठवड्याला. भांडी घासताना ऐकते, चालेल ना?”